पाय वर, झापं खाली

सापातूंचा पाय वर गेला, की समोर गालूवाओंच्या घराची झापं खाली येत. एक दिवस झालं, दोन दिवस झालं. तिसऱ्या दिवशी ते सगळ्या वाइसोलो गावाने पाहिलं, आणि गावाने पाहिलं म्हणजे मग बोलायचं बाकी राहिलं नाही.

वाइसोलोत, भर समुद्रातल्या या बेटावरच्या गावात, घरांना भिंती नाहीत. गोल उभे खांब, वर छप्पर, आणि पाऊस तिरपा आला तर सोडायला माडाच्या विणलेल्या झापांचे पडदे. दिवसाउजेडी कुणी झापं सोडत नाही. सोडलीच, तर तीनच कारणं असू शकतात. घरात कुणी शेवटच्या घटका मोजतंय, घरात नवराबायकोचं जुंपलंय, किंवा घरात डुक्कर शिजलंय आणि शेजाऱ्यांना द्यायचं नाही. गालूवाओ ठणठणीत होते, विधुर होते, आणि त्यांच्याकडे डुक्कर शिजलं तर पहिला वाटा गावात जायचा. तिन्ही कारणं बाद, तेव्हा उरलं चौथंच. गावचे थोरले मानकरी गालूवाओ सापातूंच्या पायावर रागावले होते.

आणि का रागावू नयेत? मोठ्या माणसाच्या दिशेने पाय पसरायचा नाही, पसरावाच लागला तर वर चटई ओढायची, हे इथल्या पोराला रांगायच्या आधी कळतं. सापातू तर गावाचे वक्ते मानकरी. थोरल्यांनी मनात आणायचं आणि यांनी चारचौघांत उभं राहून बोलायचं, गावाला रीत शिकवायची. ते सापातू रोज सकाळी आठला उताणे पडत, उजवा पाय तीन उशांवर चढवत, आणि अंगठ्याने हवेत अक्षरं गिरवत. तीही बरोबर थोरल्यांच्या नाकासमोर!

"मी काय हौसेने करतो?" सापातू बायकोला म्हणाले. "डॉक्टरांनी टाच शिवलीय. आता ती हलवायला नको?"

"हलवा की. पण गावचा फळा असल्यासारखी अक्षरं कशाला काढता?" फेतूई म्हणाली.

ही अक्षरं, म्हणजे इथली मुळाक्षरं, आधी ए, ई, आय असे पाच स्वर आणि शेवटी व्ही, आइलीनीने लावून दिलेली. आइलीनी म्हणजे सापातूंच्या भावाची मुलगी. ऑकलंडला जाऊन पायांचे, खांद्यांचे, कंबरेचे व्यायाम शिकून आलेली, आणि आता आपिया शहरातल्या इस्पितळातून रजा टाकून काकांच्या घरात ठाण मांडून बसलेली. एरवी गोड मुलगी. पण घड्याळात आठ वाजले की तिच्यात हवालदार संचारायचा.

"काका, ए पासून व्ही पर्यंत. पूर्ण. काल तुम्ही एम गाळलात."

"एमला कळ येते गं."

"म्हणूनच एम. चला."

टाचेची ही कथा झाली गावच्या क्रिकेटमध्ये. लग्न झालेले विरुद्ध लग्नाचे राहिलेले असा सामना होता. छप्पन्न वर्षांच्या सापातूंनी इथल्या तीनधारी बॅटने चेंडू नारळांच्या पलीकडे धाडला, आणि टाळ्या ऐकून उगाच पळत सुटले. चौथ्या पावलाला मागून टाचेवर फाडकन काहीतरी बसलं. सापातू गर्रकन वळले. मागे यष्टीजवळ लाउतासी उभा. लाउतासी म्हणजे गावाचा दोन नंबरचा वक्ता, आणि एक नंबर व्हायची त्याची इच्छा काही लपून राहिलेली नव्हती. "लाथ मारतोस? मला?" असं सापातू सगळ्या गावादेखत गरजले, लाउतासीच्या सात पिढ्यांबद्दल चार शब्द बोलले, आणि मग धाडकन खाली पडले. इस्पितळात डॉक्टरांनी सांगितलं, कुणी लाथबीथ मारली नाही, टाचेची शीर आपली आपणच तुटली. सगळ्यांना असंच वाटतं. सापातूंनी मनातल्या मनात लाउतासीची माफी मागितली. मोठ्याने मागायची राहून गेली.

आणि आता पाच आठवड्यांवर नव्या चर्चचा सोहळा आला होता. अकरा गावं येणार. वक्त्याने मोकळ्या मैदानात, अनवाणी, हातात काठी घेऊन तासभर उभं राहून बोलायचं. जुन्या चर्चच्या वेळी सापातूंचे वडील बोलले होते. म्हातारी माणसं ते भाषण अजून काढतात. सापातूंनी आपलं भाषण दोन वर्षं मनात घोळवलं होतं. आता व्यायाम केला नाही तर तासभर उभं राहता येणार नाही, आणि व्यायाम केला तर थोरले रागावणार. वक्ता कोण हे ठरवणार थोरलेच. दोन्हीकडून भाषण जाणार लाउतासीकडे.

"मग आपली झापं सोडून करा," फेतूई म्हणाली.

सोडली. दहा मिनिटांत पाद्रीणबाई दोन शेजारणींना घेऊन रडवेल्या चेहऱ्याने घरापुढे. "कोण गेलं?" पाठोपाठ लाउतासीचा मेहुणा आला आणि काही न बोलता चुलीच्या बाजूला नाक फेंदारून वास घेऊ लागला. त्याला डुक्कर नाही हे पटवायला फेतूईला भांडी उघडून दाखवावी लागली. झापं वर गेली.

मग पायावर चटई टाकून पाहिली. वर उचललेल्या पायावर चटई, आणि चटईखाली अंगठा अक्षरं काढतोय. रस्त्याने जाणाऱ्या म्हाताऱ्यांना ते भलतंच काहीतरी वाटलं. एक तर मागे वळून पुन्हा पाहून गेली.

"तुमची दिशाच बदलू," आइलीनी म्हणाली. "काका, डावीकडे फिरा."

डावीकडे पाद्रीबाबांचं घर. ते सकाळच्या चहाला बसले असताना समोर अंगठा उगवला. त्यांनी डोळे मिटून प्रार्थना सुरू केली, डोळे उघडले, तर अंगठा अजून तिथेच. रविवारचं प्रवचन गर्विष्ठ माणसांवर झालं. पाद्रीबाबांनी नाव घेतलं नाही, पण सगळं चर्च वळून सापातूंच्या पायाकडे बघत होतं.

उजवीकडे लाउतासीचं घर. लाउतासी पहिल्याच दिवशी अंगणात येऊन ओरडला, "आधी म्हणे मी लाथ मारली! आता रोज सकाळी मला लाथ दाखवतोय! मी काय घोडं मारलंय याचं?"

राहिली मागची बाजू. मागे सापातूंच्या वडिलांची आणि आजोबांची थडगी. पांढरी, स्वच्छ, फेतूई रोज फुलं घालायची.

"सासऱ्यांना पाय दाखवाल तर मी माहेरी जाईन," ती म्हणाली. आणि ती गेलीही असती.

शेवटी सापातू स्वयंपाकाच्या छपरात जाऊन पडले. गावाचा वक्ता मानकरी चुलीशेजारी, नारळाच्या सालांत! जी आणि एल यांच्या मध्ये कोंबडीने अंगठा टोचला. सापातू उठले, लंगडत घरात आले, आणि म्हणाले, "बास. नाही करायचं मला."

"काका, आत्ता थांबलात तर टाच धरेल!"

"धरू दे. अब्रू तरी राहील."

पाच दिवस व्यायाम बंद. टाच खरंच धरली. सकाळी उठल्यावर सापातू खांब धरून चालत आणि आइलीनी त्यांच्याशी बोलत नसे. सगळ्यात वाईट म्हणजे, ज्यांच्यासाठी हे केलं त्या थोरल्यांचा राग काही उतरला नाही. झापं आता खाली येत नव्हती, हे खरं. पण आठ वाजले की गालूवाओ आपल्या घराच्या पुढच्या खांबाशी येऊन बसत आणि पडलेल्या तोंडाने सापातूंच्या घराकडे टक लावून बघत. घरातली माणसं मळ्यावर गेलेली. म्हातारा एकटा, नऊ वाजेपर्यंत नुसता बघत बसलेला.

पाचव्या दिवशी थोरल्यांचा निरोप आला. घेऊन कोण आलं, तर लाउतासी. तो मांडी घालून ऐसपैस बसला, घसा साफ केला, आणि एकेक शब्द चघळत म्हणाला, "थोरल्यांनी विचारलंय. सापातूंच्या घरी हल्ली सकाळी काही होत नाही वाटतं?"

"एवढंच?"

"एवढंच. मी पुढं विचारलं नाही. त्यांचा चेहराच तसा होता." आणि लाउतासीने निरोप्याला द्यायची चहाबिस्किटं घेतली, दोन जास्तच घेतली.

लाउतासी गेला. "किती खोल टोमणा मारलाय बघ," सापातू म्हणाले. "फेतूई, ती चटई काढ."

फेतूईने कपाळाला हात लावला. ती चटई म्हणजे घराण्याची जुनी तलम चटई, चार पिढ्यांची, हातात घेतली तर लुगड्यासारखी पडणारी. चूक फारच मोठी असली तर माणसाने ती अंगावर पांघरून ज्याचा अपराध केला त्याच्या घरापुढे गुडघे टेकून बसायचं. त्याने येऊन चटई काढली तर माफी. नाही काढली, तर बसायचं तसंच.

"अहो, ही चटई खून झाला तर नेतात! तुमच्या आजोबांच्या वेळी होडीवरून मारामारी झाली, माणूस मेला, तेव्हा नेली होती. आणि तुम्ही अंगठ्यासाठी नेणार?"

"थोरले रागावलेत. भाषण गेलंय माझं. मला आणखी काय व्हायचं बाकी आहे?" बोलता बोलता सापातूंचा आवाज चिरकला, आणि तेव्हा मात्र फेतूईने निमूटपणे पेटी उघडली.

"गुडघ्यावर बसायचं नाही," पाच दिवसांनी आइलीनी पहिल्यांदा बोलली. "टाच ताणली जाईल. शिवण आहे आत."

"माफी काय खुर्चीवर बसून मागू?"

"बादलीवर. पालथी बादली. वर चटई आहे, कोणाला दिसतंय? आणि मी बरोबर येणार. चटईखाली."

शनिवारी सकाळी साडेसातला गालूवाओंच्या घरापुढे सापातू पालथ्या बादलीवर बसले, शेजारी आइलीनी बसली, आणि फेतूईने दोघांवर चटई पांघरली. अर्ध्या तासात सगळं गाव मैदानाच्या कडेला गोळा झालं. थोरले आपल्या खांबाशी होते. त्यांनी चटईकडे पाहिलं, आकाशाकडे पाहिलं, मग सावकाश उठले. आणि ठीक आठ वाजता गालूवाओंच्या घराची झापं, एकेक करून, चारी बाजूंनी, खाली आली.

"अरे देवा!" पाद्रीणबाई म्हणाल्या.

चटईखाली अंधार होता आणि उकाडा होता. "काय झालं?" सापातूंनी कुजबुजून विचारलं.

आइलीनीने विणीला डोळा लावला. "झापं सोडली."

"संपलं. सगळं संपलं."

"काका, आठ वाजले."

"मग?"

"टाचा उचला. बसल्या बसल्या. तीस वेळा. इथे तर कोणाला दिसतच नाही."

"अगं, माझं आयुष्य उद्ध्वस्त झालंय इथे!"

"ते होऊ द्या. टाच वर... खाली. वर... खाली."

बादली उंच नव्हती. टाचा वर गेल्या की गुडघे वर जात, गुडघ्यांबरोबर चटई वर जाई, आणि टाचा टेकल्या की पुन्हा खाली. दहाव्या खेपेला सापातू दमले आणि हुंकारही देऊ लागले. बाहेर गावाला दिसलं ते असं, की तो पहाडासारखा माणूस चटईखाली गदगदून रडतोय.

पाद्रीणबाईंचा बांध फुटला. बायका डोळ्यांना पदर लावू लागल्या. लाउतासी आधी दुसरीकडे बघत राहिला, मग नाक ओढू लागला, आणि विसाव्या उचकीला तो स्वतःच हमसून हमसून रडायला लागला. "एवढं नको रे," तो म्हणत होता. "एका भाषणासाठी एवढं नको!"

तेवढ्यात झापांच्या आतून किंकाळी आली. "आई गं! मेलो, मेलो!"

गाव जागच्या जागी थिजलं. थोरल्यांच्या घरात बोलावल्याशिवाय पाऊल टाकायचं नाही. त्यातून आज तर नाहीच. पण आइलीनी ऑकलंडला शिकलेली. ती चटईखालून सुटली, वाकून झाप बाजूला केलं आणि आत शिरली. सापातूंना काय करावं सुचेना. चटई काढावी तर माफी मोडते. ते चटईसकट उठले आणि चटईसकट लंगडत आत गेले. चार पिढ्यांची चटई आपल्या पायांनी घरात शिरताना गावाने पाहिली.

आत थोरले मानकरी उताणे पडले होते. उजव्या पायाखाली तीन उशा. पाय हवेत ताठ, अंगठा वाकडा, आणि डोळ्यांत पाणी.

"गोळा आलाय पोटरीत," गालूवाओ दातओठ खात म्हणाले. "झाप लाव आधी! लोक बघतील!"

आइलीनीने पंजा धरून नडगीकडे दाबला. पोटरी सैल झाली. म्हाताऱ्याने मोठा श्वास सोडला, आणि मग चटईखालच्या सापातूंकडे पाहून तो भडकला.

"तू थांबवलंस कशाला? आं? दोन महिने झाले, माझी टाच सकाळी जमिनीवर टेकत नाही. कोणाला सांगू? सोहळ्याला मला फाटकापासून चर्चच्या दारापर्यंत एकट्याला चालायचंय, हातात किल्ली घेऊन, अकरा गावांपुढे. लंगडत जाऊ? मग समोर तुझा पाय दिसला. म्हटलं, ही तर देवाने पाठवलेली सोय. तू करायचास तसं करत गेलो. फरक पडला! आणि अचानक तू तोंड... म्हणजे पाय फिरवलास. पाद्र्याला दाखवलास, लाउतासीला दाखवलास. मी काय केलं होतं?"

चटईखालून सापातूंचा आवाज आला.

"थोरले, पण मग झापं..."

"मग काय उघड्यावर करू? गावचा थोरला मानकरी पाय वर करून पडतो? रीत आहे की नाही काही!"

"आणि निरोप पाठवलात तो?"

"विचारलं, व्यायाम का बंद आहे. सरळ विचारता येत होतं का? आज आठवून आठवून करायला गेलो तर हे असं."

"आम्ही बाहेर माफी मागत बसलो होतो," आइलीनी म्हणाली.

"ते दिसलं. मला वाटलं, याने कोणाचा तरी खून केला. म्हटलं, रीतीप्रमाणे दुपारपर्यंत बसवून ठेवावंच लागतं, तेवढ्यात आपली अक्षरं करून घ्यावी." गालूवाओंनी अंगठा हलवून दाखवला. "हे बघ मुली, हे सातवं बरोबर आहे का?"

आइलीनीने निरखून पाहिलं. "आजोबा, तुमची सगळी अक्षरं उलटी आहेत."

"समोरून शिकलोय. मला जशी दिसली तशी."

पाच मिनिटांनी झापं वर गेली. गालूवाओ खांबाला धरून, पण ताठ उभे होते. त्यांनी पुढे होऊन सापातूंवरची चटई आपल्या हाताने काढली, तिची घडी घातली, आणि गावाकडे पाहिलं.

"हा पाय साधा नाही," ते म्हणाले. "सोहळ्याला गावाचा शब्द या पायावर उभा राहणार आहे. आजपासून हा पाय माझ्या घराकडेच राहील. माझा अपमान होतो की नाही ते मी बघीन. आणि मोजणी मोठ्याने व्हायला पाहिजे, प्रत्येक अक्षराचं नाव घेऊन. वक्त्याचा आवाज आहे, तो झाकून कशाला ठेवायचा?"

गाव सद्गदित झालं. "काय मन आहे!" लाउतासी डोळे पुसत म्हणाला, आणि सापातूंना आधार द्यायला पुढे आला. सापातूंनी त्याचा हात धरला, आणि दोन महिने घशात अडकलेलं एकदाचं बाहेर आलं.

"लाउतासी, त्या दिवशी तू लाथ मारली नव्हतीस."

"मला माहितीये ते," लाउतासी म्हणाला. "मीच होतो ना तिथे."

दुसऱ्या दिवसापासून आठ वाजले की सापातूंचा आवाज मैदानभर घुमू लागला. "ए! ई! आय!" समोर थोरल्यांची झापं खाली. तिसऱ्या दिवशी पाद्रीबाबांच्या घराची झापंही खाली आली, आठवड्याने लाउतासीची, मग पलीकडच्या दोन घरांची. सापातूंचं मन खट्टू झालं. "थोरल्यांपुढे बोलत नाहीत, पण लोकांना अजून माझा पाय सोसत नाही," ते म्हणाले. फेतूई फुलं वेचायच्या निमित्ताने त्या घरांच्या मागून एक फेरी मारून आली आणि दिवसभर स्वतःशीच हसत राहिली.

सोहळा झाला. गालूवाओ फाटकापासून दारापर्यंत चालत गेले, किल्ली हातात, पाऊल एकसारखं. सापातू काठी टेकून एक तास आणि वर दहा मिनिटं बोलले. शेवटच्या वाक्याला टाच ठणकत होती, तरी ते हलले नाहीत. वडिलांचं भाषण ऐकलेल्या एका म्हातारीने येऊन त्यांचा हात दाबला आणि म्हणाली, "आवाज तोच." सापातू तिच्यापुढे मुलासारखे रडले. या खेपेला खरे रडले.

सोमवारी सकाळी त्यांनी तिन्ही उशा पेटीत टाकल्या. आइलीनी आपियाला गेली होती. सापातू चहा घेऊन निवांत बसले. आठ वाजले. समोर थोरल्यांची झापं खाली आली. डावीकडे पाद्रीबाबांची आली. उजवीकडे लाउतासीची आली. पलीकडची दोन्ही घरं बंद झाली, आणि मैदानात चिटपाखरू उरलं नाही.

सापातू चहा पीत राहिले. मिनिटभराने समोरच्या झापांआडून खाकरल्याचा आवाज आला. मग डावीकडून पाद्रीबाबा खाकरले. मग उजवीकडून, जरा चिडूनच, लाउतासी खाकरला.

सापातूंनी कप खाली ठेवला आणि बायकोकडे पाहिलं.

"बघता काय?" फेतूई पेटीतून उशा काढत म्हणाली. "घ्या पाय वर. गाव खोळंबलंय."